इरकलच्या पदराला जोड असतो का? दुकानदार म्हणतो डिफेक्ट आहे

मनीमाऊ:
आईच्या साठीला इरकल घ्यायचीय, ती मूळची सांगलीकडची, त्यामुळे पैठणी वगैरे काही नको, इरकलच हवी म्हणते. एका दुकानात हिरव्या अंगाची आणि लाल पदराची मस्त साडी बघितली, पण पदर सुरू होतो तिथे या काठापासून त्या काठापर्यंत बारीक बारीक गाठींसारखं काहीतरी हाताला लागत होतं. दुसऱ्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला ताई तो जोड असतो, डिफेक्ट पीस आहे तो, आमच्याकडे सलग मिळेल. आणि ती सलगवाली जवळपास निम्म्या किमतीत! दोन्हीकडे हातमागाचीच आहे असं छातीठोक सांगतायत. कुठली घेऊ?

कृष्णाकाठ:
अगं तो जोड आहे म्हणूनच ती घे!! माझं सासर बागलकोटकडचं, इळकल, म्हणजे जिथली ही इरकल ते गाव, तिथून जवळ, त्यामुळे हे बघत आलेय.
इरकलचं अंग सुती असतं बहुतेक वेळा आणि पदर रेशमी. म्हणजे मागावर जे उभे धागे लावतात ते अंगाचे वेगळे, पदराचे वेगळे, काठाचे वेगळे तयार करतात, आणि मग अंगाचा एकेक धागा पदराच्या एकेक धाग्यात फासासारखा अडकवून जोडतात. अख्ख्या पन्ह्याचे सगळे धागे असे जोडायचे, किती किचकट काम असेल विचार कर. तीच तुला हाताला लागली ती ओळ. त्याला टोप तेनी म्हणतात. आणि हे दर साडीला नव्याने करावं लागतं, कारण पदर झाला की ताणा म्हणजे ते उभे धागे संपले, पुढच्या साडीचा ताणा परत पहिल्यापासून. यंत्रमागावर असं परवडतच नाही, तिथे एकच लांबलचक ताणा चढवतात आणि साडीमागून साडी निघते.
दुकानात तपासायची सोपी खूण सांगते. पदराच्या टोकाच्या दशा बघ. जोडवाल्या साडीत दशा लाल असणार कारण तिथले उभे धागे मुळातच लाल रेशीम आहेत. सलग साडीत अंगाचेच हिरवे धागे पदरात पुढे गेलेले असतात, त्यावर लाल आडवा धागा टाकतात, म्हणून दशा हिरव्या निघतात आणि पदर पण धड लाल दिसत नाही, मळकट झाक येते. मोबाईलचा टॉर्च लावून बघ एकदा.

सुताचा_गुंता:
+१ दशांचं. पदरात लालाचे तीन पट्टे आणि मधे पांढऱ्याचे दोन असतात, ते पण बघा. लाल-पांढरे दात एकमेकांत घुसल्यासारखे दिसतात ना, ते आडवे धागे एकमेकांत अडकवून तीन धोट्यांनी (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा) विणतात, कोंडी म्हणतात त्याला. कुठे ते दात कणसासारखे, कुठे फणीसारखे, कुठे किल्ल्याच्या तटासारखे असतात. छापलेला पदर असेल तर साडी उलटी करा, लगेच कळतं.

मागवाला:
मी इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग आहेत, त्यामुळे मला शिव्या पडणार हे माहितीये, पण सगळेच असं बोलतात जसं काही यंत्रमागाची साडी म्हणजे पाप. रोज नेसायला, धुवायला, ऑफिसला जायला ती सलगवालीच बरी पडते आणि बायका घेतातच की. हातमागाची साडी विणायला कितीतरी दिवस जातात, घरातली बाकीची माणसं ताणा जोडायला बसतात, त्यांची मजुरी त्या किमतीत कुठून निघणार? त्यामुळे निम्म्या किमतीत हातमाग मिळतोय म्हटलं की तिथेच ओळखा. माझा राग फक्त दुकानदारांवर आहे, आमचा माल हातमाग म्हणून विकतात आणि वर खऱ्या हातमागाला डिफेक्ट म्हणतात, हे म्हणजे कहरच झाला.

कृष्णाकाठ:
@मागवाला शिव्या कशाला, बरोबरच आहे तुमचं. यंत्रमाग म्हणून विका ना, कोण नाही म्हणतंय. हातमागाच्या मालावर हँडलूम मार्कचं लेबल मागता येतं, २००६ पासून आहे ते, पण साध्या दुकानात फार कमी दिसतं मला तरी.

मनीमाऊ:
बापरे किती माहिती, थँक्यू सगळ्यांना! आत्ताच जाऊन आले. पहिल्या दुकानातल्या साडीच्या दशा लाल, दुसऱ्याच्या हिरव्याच निघाल्या :D त्याला दाखवलं तर म्हणतो हल्ली अशीच फॅशन आहे. पण आता नवीन शंका, पहिलावाला म्हणतोय पदर प्युअर सिल्क आहे. ते कसं कळणार? आणि पदर इतका आखूड का असतो?

सुताचा_गुंता:
आखूडच असतो, १६ ते २७ इंच, घाबरू नका. सिल्कचं म्हणाल तर सगळ्या खऱ्या इरकलींमध्ये रेशीम असतंच असं नाही, आर्ट सिल्क म्हणजे रेयॉन वापरून पण हातमागावर विणतात, ती खोटी नाही फक्त स्वस्त असायला हवी. दशेतला एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, रेयॉन कागदासारखं भुरुभुरु जळतं. दुकानदार धागा द्यायला नाही म्हणाला तर रेयॉनच्याच भावाने मागा.

धारवाडी_पेढा:
उशिरा आलो. कसुती, म्हणजे आमच्याकडचं भरतकाम, केलेली घेणार असाल तर मागची बाजू बघा. हातकसुतीत धागे मोजून भरतात आणि गाठ मारत नाहीत, गवंती टाका तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मशीनची असेल तर मागे धाग्यांचं जंजाळ नाहीतर चिकटवलेला कागद. साध्या साडीवर नंतर कसुती करून घेता येते, आमच्याकडे बायका करून देतात, पण वेळ लागतो, साठीच्या आधी होणार नाही.
आणि पहिल्यांदा घरी अजिबात भिजत घालू नका, लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरतो. ड्रायक्लीनला द्या. पुढे घरी धुतलीत तरी गार पाण्यात पटकन काढा आणि पदर बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत वाळवा. अंग सुती, पदर रेशमी असल्यामुळे अंग थोडं आटतं, ब्लाउजपीस कापायचा असेल तर धुतल्यावरच कापा.

मनीमाऊ:
ब्लाउजपीस नाहीये त्यात, खण घेऊ का गुळेदगुडचा? लाल मिळाला तर?

धारवाडी_पेढा:
घ्या की. पण पदराच्या लालाशी मॅच करत बसू नका, तसाच लाल कधी मिळत नाही, सरळ काळा किंवा मोरपंखी घ्या.