धर्मगुरू एकत्र बसले तर शांतता टिकते का?

राबोडीकर:
सणांआधी आमच्याकडे शांतता समितीची बैठक होते, मौलाना, पुजारी, फादर सगळे येतात, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की हा फक्त फोटोपुरता कार्यक्रम आहे. मला नाही पटत. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती, २८ सप्टेंबरला. मुंबईत मुस्लिम समाजाच्या नेत्यांनी बसून ठरवलं की जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचा, मग सरकारने पण ईदची सुट्टी २९ ला केली. आता सांगा, हा निर्णय तुम्ही आम्ही नाक्यावर चहा पिताना घेऊ शकलो असतो का? लोक ज्याचं ऐकतात त्याच्याशी बोलायलाच लागतं.

वाशीची_मी:
दादा, तारीख बदलली ते चांगलंच झालं. पण त्या बैठकीला बायका किती असतात? विशीतली पोरं किती? दगड उचलणारा पोरगा मौलानांना किंवा महाराजांना विचारून उचलत नाही, तो मोबाईलवर आलेला व्हिडिओ बघून उचलतो. आणि अबुधाबीत २०१९ ला पोप फ्रान्सिस आणि इजिप्तच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठ-मशिदीचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यब यांनी बंधुभावाच्या करारावर सह्या केल्या, मोठी गोष्ट आहे, मान्य, पण माझ्या ऑफिसमधला मुंब्र्याचा मित्र चार महिने वाशीत भाड्याने घर शोधत होता, नाव सांगितलं की एजंट म्हणायचे रूम गेली. त्याच्यासाठी कोण बसणार चर्चेला?

लूमवाला:
मी भिवंडीचा. इथे १९७० ला दंगल झाली, १९८४ ला झाली. नंतर १९८८ पासून डीसीपी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्यात मोठ्या पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजाची, आणि नुसतं सणाला नाही तर नियमित भेटायचे, नळाचं पाणी, गटार, आपसातली भांडणं सगळं तिथेच बोलायचे. म्हणून १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा आली की शेजाऱ्याला विचारायची सवय लागलेली होती हो, ती सवय एका बैठकीत लागत नाही.

राबोडीकर:
भिवंडीचं सगळं मान्य. पण तशी कमिटी मशिदीच्या आणि देवळाच्या विरोधात जाऊन टिकेल असं मला वाटत नाही, जुम्म्याला मौलानांनी दोन शब्द चांगले बोलले तर त्याचा उपयोग होतो, मी स्वतः बघितलंय.

वाशीची_मी:
विरोधात कोण म्हणतंय? मी म्हणते त्यांना बोलवा, पण समाजाचे मालक म्हणून नको. आपण त्यांनाच विचारत राहिलो तर जो धर्म पाळत नाही, ज्याने दुसऱ्या धर्मात लग्न केलंय, त्याच्या बाजूने बोलणारं कोणीच उरत नाही. आणि ९२-९३ नंतर मुंबईतली किती घरं उठून मुंब्र्यात आली, पारसिकच्या डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे लोक वेगळे राहायला लागले, शेजारच राहिला नाही तर भिवंडीसारखी कमिटी बनवणार कोणाची?

लूमवाला:
हा प्रश्न खरा आहे ताई. आमच्या गल्लीत निदान एकाच नळावर भांडायचो.

राबोडीकर:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या बैठकीत सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांना बोलवा असं मी सांगणार आहे, भाड्याच्या घराचा विषय त्यांच्यासमोर आणि धर्मगुरूंसमोर दोघांसमोर काढतो. तुमच्या मित्राला यायला जमेल का विचारा.