मदत हवी आहे: ग्रँड कॅनियनची खोली फोटोत कशी उतरवायची?

नमस्कार मंडळी,

साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, काढलेले फोटो मोठ्या स्क्रीनवर बघतेय आणि जीव हळहळतोय. काठावर उभं राहिलं की समोर दीड किलोमीटरहून खोल दरी, पलीकडचा काठ काही ठिकाणी २९ किलोमीटर दूर. छातीत धस्स होतं. फोटोत मात्र वर आकाश, खाली कठडा आणि मध्ये तांबूस-निळसर पट्टा!

१६ मिमीच्या वाइड लेन्सने सगळं फ्रेममध्ये बसतं, पण पलीकडचे कडे बोटभर होतात. ७०-२०० मिमीची टेलिफोटो झूम लेन्स लावून एखादा सुळका आणि मागच्या कड्यांच्या रांगा घेतल्या की खोली थोडी जाणवते, पण मग अफाटपणा हरवतो.

दुसरी अडचण उजेडाची. होपी पॉइंट या काठावरच्या जागी संध्याकाळी वरचे चुनखडीचे थर उजळलेले आणि तळातली कोलोरॅडो नदी अंधारात. तीन एक्सपोजर (कमी-जास्त उजेडाचे तेच फोटो) एकत्र केले तर सावल्या इतक्या उघडतात की दगड प्लास्टिकचे वाटतात. पोलरायझर फिल्टरने (चकाकी कमी करून आकाश गडद करणारी काच) वाइड लेन्सवर आकाश एका कोपऱ्यात गडद, दुसऱ्यात फिकट येतं. धुरकटपणा एडिटिंगमध्ये काढला की लांबचे कडे जांभळे पडतात.

पुन्हा जायचं नक्की आहे. ड्रोन सुचवू नका, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे. तिथे किंवा तशा दऱ्यांत फोटो काढलेल्यांनी कृपया सांगा: लेन्स कुठली, वेळ कुठली, आणि उभं कुठे राहायचं?

प्रतिसाद:

लेन्स ७०-२००च ठेवा, पण फ्रेममध्ये ओळखीच्या मापाचं काहीतरी हवंच. दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल ट्रेल या पायवाटेवर खेचरांची रांग उतरताना दिसते. वळणावरची ती ठिपक्याएवढी खेचरं फ्रेममध्ये आली की मागची भिंत आपोआप प्रचंड वाटते. शक्य असेल तर साउथ कैबाब ट्रेलने थोडं खाली उतरा. काठावरून सगळं पायाखाली चपटं दिसतं. उतरल्यावर कडे डोक्यावर येतात.

जुलै ते सप्टेंबरमधल्या पावसाळी ढगांच्या सावल्या दरीवर सरकतात, तेव्हा एक कडा उजळ तर मागचा काळसर, आणि थर सुटे होतात. सर येऊन गेली की हवाही स्वच्छ असते. विजा कडाडायला लागल्या तर मात्र ट्रायपॉड उचलून लगेच काठापासून दूर व्हा.

नदी दिसायला हवी असेल तर पूर्वेकडचा लिपान पॉइंट बघा. एक्सपोजर दोनच जोडा आणि सावल्या जरा काळ्याच राहू द्या. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, सगळा तांबडेपणा खाऊन टाकतो. पोलरायझर वाइडवरून काढाच. सूर्योदयाचे काही फोटो असतील तर इथे टाकाल का? उजेड कुठून येतोय ते बघून नेमकं सांगता येईल.