लिफ्ट बंद, बायडेन बाहेर

सोसायटी ग्रुप, सोमवार, २२ जुलै २०२४

सेक्रेटरी (बी-१०१), सकाळी ६:४८
ए विंगची लिफ्ट बंद आहे. खड्ड्यात पावसाचं पाणी उतरलंय, पंप लावलाय. मेकॅनिक दहापर्यंत येतो म्हणालाय. तोवर उगाच बटण दाबत बसू नका.

सी-२०३, ६:५५
लिफ्टचं राहू द्या हो, बायडेन गेले!

बी-५०४ काकू, ६:५६
अरे देवा. कधी?

सी-२०३, ६:५६
काकू, तसे नाही. निवडणुकीतून गेले. माघार घेतली. काल रात्री सव्वाअकराला एक्सवर पत्र टाकलं. माझी क्लायंटची शिफ्ट चालू होती. रविवार असूनही तिकडचे चौघे ऑनलाइन होते, एकदम सगळे गप्प झाले.

बी-५०४ काकू, ६:५८
मग ‘गेले’ काय लिहितोस मेल्या! ८१ वर्षांचा माणूस, त्यात कोविड झालेला. चहाचा कप पडायचा राहिला हातातून.

ए-७०१ सर, ७:०४
वेळ मोठी बघण्यासारखी आहे. पत्र आलं तिकडच्या दुपारी पावणेदोनला. प्रचाराच्या टीममधल्या बहुतेकांना ते जगाबरोबरच कळलं, काहींना फक्त मिनिटभर आधी. पत्रात उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे आभार आहेत, पण ‘माझ्या जागी ही’ असं नाही. ते २७ मिनिटांनी वेगळ्या पोस्टमध्ये आलं. या २७ मिनिटांत किती जणांचे फोन वाजले असतील!

बी-३०४ वहिनी, ७:०९
पण ५ जुलैच्या मुलाखतीत तर म्हणत होते, खुद्द देवाने खाली येऊन सांगितलं तरच सोडेन म्हणून.

सी-२०३, ७:०९
काल गुरुपौर्णिमा होती वहिनी. आला असेल कोणीतरी 😄

सेक्रेटरी (बी-१०१), ७:११
राजकीय पोस्ट नकोत असा ठराव झालाय. आठवण करून देतो.

ए-७०१ सर, ७:१२
ठरावात ‘स्थानिक व देशातील’ असे शब्द आहेत. इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

सेक्रेटरी (बी-१०१), ७:१३
🙏

बी-५०४ काकू, ७:२०
मुलीचा फोन झाला आत्ताच. न्यू जर्सीत आहे ती, नागरिकत्व घेतलंय. ४ जूनला रांगेत उभं राहून प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, बायडेनला मत देऊन आली. विचारतेय, माझं ते मत आता कुठे गेलं? सर, सांगा हो.

ए-७०१ सर, ७:३१
ते मत प्रतिनिधी निवडायला होतं, आणि हे प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात. प्रायमऱ्यांमधून बायडेनना जवळपास ३,९०० प्रतिनिधी मिळाले. ते आता मोकळे. ‘माझे सगळे हिला देतो’ असं बायडेन म्हणू शकत नाहीत, सुचवू शकतात. १९ ऑगस्टला शिकागोला अधिवेशन आहे, तिथवर हॅरिसबाईंना ते एकेक करून आपल्याकडे वळवावे लागतील. पैशाचं मात्र सोपं आहे. प्रचाराच्या खात्यावर दोघांचीही नावं आहेत, म्हणून तिजोरी त्यांच्याकडे जायला हरकत नसावी.

आणि गंमत बघा, १९६८ मध्येही शिकागोच. ३१ मार्चला व्हिएतनामवरच्या भाषणाच्या शेवटी तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सांगून टाकलं की मी उभा राहणार नाही. पुढे उपाध्यक्ष हम्फ्रींना तिकीट मिळालं. अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शनं करणाऱ्या पोरांना बदडलं आणि नोव्हेंबरात निक्सन थोडक्यात जिंकले. पण जॉन्सननी सांगितलं मार्चमध्ये. हे जुलै संपताना. साडेतीन महिने उरलेत.

सी-२०३, ७:३४
पैशाचा तर पूर आलाय सर. तिकडच्या रात्री नऊपर्यंत छोट्या देणग्या ४ कोटी ६७ लाख डॉलर.

बी-३०४ वहिनी, ७:४०
मला बायडेनवर आता येणाऱ्या कौतुकाच्या पोस्टींचीच गंमत वाटतेय. २७ जूनच्या अटलांटातल्या ट्रम्पबरोबरच्या वादविवादापासून यांच्याच पक्षातले एकेक जण ‘आता थांबा’ म्हणत होते. २ जुलैला टेक्ससचे एक खासदार बोलले, मग रांगच लागली. शुक्रवारपर्यंत ‘थांबा’ आणि रविवारी रात्री ‘केवढा मोठा माणूस’! क्लिंटन नवरा-बायकोने निदान लगेच हॅरिसचं नाव तरी घेतलं. ओबामांनी एवढं लांबलचक लिहिलं, उच्च कोटीचा देशभक्त वगैरे, आणि हॅरिसचं नावच नाही. पक्ष प्रक्रियेतून चांगला उमेदवार निवडेल म्हणे.

ए-७०१ सर, ७:४४
त्यांच्याच पक्षाच्या माजी सभापती पलोसीबाईंचंही तेच. कौतुक आहे, नाव नाही. ज्याने नाव घेतलं नाही त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. विरोधकांचं सरळ असतं. आत्ताचे सभापती माइक जॉन्सन म्हणाले, निवडणूक लढवायला जमत नाही तर अध्यक्षपदही आत्ताच सोडा.

ए-३०२ आजोबा, ७:५८
लिफ्ट बंद म्हणून आज फिरायला गेलो नाही, सगळं वाचत बसलोय. मला एक सांगायचं आहे. टायपिंग हळू आहे, थांबा.

ए-३०२ आजोबा, ८:१६
जे तोंडावर बोलले त्यांचा त्या माणसाला राग येणार नाही. तो टेक्ससचा खासदार, त्याने नाव देऊन सांगितलं. राग येतो तो ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्यांचा. पलोसीबाई १० जुलैला टीव्हीवर म्हणाल्या, निर्णय त्यांचा आहे. अहो, बायडेननी दोनच दिवस आधी लेखी कळवलं होतं की मी लढणार. निर्णय झालेला असताना निर्णय तुमचा आहे म्हणायचं, याचा अर्थ काय तो ऐंशीच्या घरातल्या माणसाला बरोबर कळतो.

दिवाळीनंतर माझी स्कूटर गेटच्या खांबाला घासली. पत्र्यावर वीतभर चरा, बाकी काही नाही. त्या आठवड्यात सुनेने विचारलं, बाबा, रिक्षा सोयीची नाही का. मुलगा म्हणाला, तुम्हाला वाटतं तोवर चालवा. पुण्यातल्या पुतण्याने काही कारण नसताना फोन केला. वॉचमनसुद्धा म्हणाला, काका, भाजी मी आणतो. सगळ्यांचं आपसात बोलणं झालेलं, एकटा मी बाहेर. आणि एका सकाळी किल्ली खुंटीवर नव्हती. त्या दिवशी जेवताना सगळे म्हणतात कसे, काय सुंदर चालवायचात तुम्ही! चाळीस वर्षं एक पावती नाही! वर श्रीखंड.

तेव्हा बायडेनला आज कसं वाटत असेल ते ओबामांपेक्षा मला जास्त कळतं. २९व्या वर्षी सिनेटवर निवडून आलेला माणूस तो. समुद्रकाठच्या घरात खोकत बसलाय आणि फोनवर श्रीखंड येतंय.

बी-५०४ काकू, ८:१९
आजोबा 🙏🙏

सी-२०३, ८:२०
आजोबा, पण त्या वादविवादात ते मधेच अडखळले होते हो. मी पूर्ण पाहिलाय. बघवत नव्हतं.

ए-३०२ आजोबा, ८:२४
मीही पाहिला. थांबायलाच हवं होतं. मी कुठे नाही म्हणतोय.

ए-३०२ (मुलगा), ८:२६
बाबा, हे ग्रुपवर?

बी-३०४ वहिनी, ८:२७
असू दे हो दादा. घरचेच आहोत सगळे.

ए-३०२ (मुलगा), ८:२९
आणि तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, मला आता नकोच होती स्कूटर?

ए-३०२ आजोबा, ८:३३
म्हणालो. पत्रही असंच लिहितात.

सेक्रेटरी (बी-१०१), ८:४०
खड्ड्यातलं पाणी निघालं. मेकॅनिक वाटेत आहे. आजोबा, काही आणायचं असेल तर सांगा, मुलगा पाठवतो.

ए-३०२ आजोबा, ८:४४
काही नको. आणि किल्ली फ्रिजवरच्या मेथीच्या डब्यात आहे, मला मार्चपासून माहीत आहे. तिथेच राहू दे.