पहिला सामना मैदानात बघायचाय: अंधेरी की फातोर्डा?

डोंबिवलीकर_बाबा
लेक दहा वर्षांची. टीव्हीवर फुटबॉल सोडून काही बघत नाही, ऑफसाइड मला तीच समजावते. मैदानात मात्र आम्ही दोघंही कधी गेलेलो नाही. आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) एक सामना दाखवायचा म्हणतोय. अंधेरीत मुंबई सिटीचा, की गोव्याला मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन एफसी गोवाचा? बसायचं कुठे, परत कसं यायचं, गर्दीत पोरीला न्यावं का, सगळंच विचारतो.

घाटकोपरचा_जिना
डोळे झाकून अंधेरी. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, पुढे चालत. मैदान लहान आणि तीच मजा. गोलकीपर बचावफळीवर ओरडतो ते ऐकू येतं, बूट चेंडूवर बसल्याचा धप्प आवाज येतो. टीव्हीवर हे कुठलं यायला? वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले, म्हणजे मुंबई सिटीचे चाहते, पूर्ण वेळ गातात आणि ढोल वाजवतात. त्यांच्या जवळ बसा, पण खेटून नको, पोरीचे कान दुखतील. बॅग घरीच ठेवा. बाटली, पॉवर बँक घेऊन गेलात तर गेटवर वाद घालत बसाल.

ईस्ट_लोअर
मी म्हापशाचा, त्यामुळे निःपक्षपाती नाही. फातोर्ड्याला या. कोकणकन्येने रात्री निघालात की सकाळी मडगाव. घोळ परतीचा आहे. सामना साडेसातचा असेल तर ती गाडी तोवर निघून गेलेली असते. रात्री मडगावातच राहा आणि सकाळची मांडवी पकडा, गाडीतलं खाणं हा बोनस.

कदंबच्या बसस्थानकापासून स्टेडियम चालत जाण्याजोगं आहे. तासभर आधी पोचा, दोन्ही संघ सराव करताना बघायला मिळतात. पोरीला खरं तर तेच जास्त आवडेल. ईस्ट लोअरमध्ये, म्हणजे पूर्वेकडच्या खालच्या स्टँडमध्ये, ‘फोर्सा गोवा’ अशा घोषणा देत सगळे उभेच असतात, समोरच्याच्या पाठीशिवाय तिला काही दिसणार नाही. बाजूचा, थोडा वरचा ब्लॉक घ्या. बाहेर पडल्यावर गाड्यावर रस ऑम्लेट (रस्सा घातलेलं ऑम्लेट) खा.

पेठेतला
कोल्हापूरला या की! आमच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांची जी खुन्नस असते, त्यापुढं तुमची आयएसएल म्हणजे लग्नातली पंगत. (व्यावसायिक सामना विचारलाय, कळतंय मला. तरी सांगितलं.)

साताऱ्याची_आत्या
खेळाडूचं नाव बघून तिकीट काढू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये रोनाल्डोचा सौदी संघ अल नास्र फातोर्ड्याला खेळायला येणार म्हटल्यावर आमच्या भाच्याने रोनाल्डोच्या नावाने घर डोक्यावर घेतलं होतं. रोनाल्डो भारतात आलाच नाही. गोवा 1-2 हरलं. पण गोव्याचा एकमेव गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने मारला, त्यावर मैदानात जो गलका झाला तो भाचा अजून तोंडाने करून दाखवतो.

गर्दीचं म्हणाल तर मी दोन मुलींना घेऊन गेलेय. आत त्रास नाही, बाहेर पडताना रेटारेटी होते. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. स्वच्छतागृहात मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी जाऊन या.

घाटकोपरचा_जिना
आणि मध्यंतराआधी नेमका गोल झाला तर?

साताऱ्याची_आत्या
तर झाला. दहा वर्षांच्या मुलीला घेऊन मध्यंतराच्या रांगेत उभं राहून बघा एकदा.

ईस्ट_लोअर
सामना संपायच्या आधी जागेवरून उठायचं नाही हे मात्र माझ्याकडून लिहून घ्या. 2015 ची आयएसएल फायनल फातोर्ड्यालाच होती, चेन्नईयिनविरुद्ध. 87व्या मिनिटाला आम्ही 2-1 ने पुढे. शेजारचे काका ‘ट्रॅफिक लागेल’ म्हणून उठले. 90व्या मिनिटाला आमचाच स्वयंगोल, मग भरपाई वेळेत त्यांच्या मेंडोझाचा गोल, 2-3. काका घरी पोचेपर्यंत आपण चॅम्पियन असल्याचं सगळ्यांना फोनवर सांगत होते.

डोंबिवलीकर_बाबा
सगळ्यांचे आभार. लेकीला धागा वाचून दाखवला. आधी अंधेरी, मे महिन्याच्या आत जमलं तर गोवा, असं तिने ठरवलंय. काकांचा किस्सा तिने दोनदा वाचायला लावला. आणि तिचा प्रश्न आहे, रस ऑम्लेट तिखट असतं का?

ईस्ट_लोअर
असतं. तिच्यासाठी रस कमी घालायला सांगा, पाव जास्त घ्या.

पेठेतला
तिखटाची सवय करायला आधी कोल्हापूर.