राहत्या इमारतीत ड्रायक्लीनचं मशीन नको, तुम्हाला काय वाटतं?

विश्रामबागची_रेवा:
भाच्याच्या लग्नासाठी आईचा शालू ड्रायक्लीनला दिला होता. आणताना मिरजेपर्यंत गाडीच्या काचा बंद, पिशवी मागच्या सीटवर. घरी पोचेपर्यंत डोकं जड झालं, मळमळायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं तर म्हणाले, "पर्कचा वास आहे, दोन दिवस दोरीवर टाका, जाईल."

पर्क म्हणजे परक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी वापरतात ते द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या गटात धरते. ड्रायक्लीनच्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला आहे. अमेरिकेनं राहत्या इमारतींतली पर्कची मशीनं २०२० अखेरपर्यंत बंद करायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये तर ड्रायक्लीनमधून पर्क १० वर्षांत हद्दपार करायचा नियम काढला.

मी गेले त्या दुकानाच्या वर दोन बिऱ्हाडं राहतात. गॅलरीत बाळाची दुपटी वाळत होती. माझं मत सरळ आहे: महापालिकेनं खाली दुकान, वर घरं अशा ठिकाणी हे मशीन बसवूच देऊ नये.

तिसरी_पिढी:
ताई, माझ्या आजोबांची भट्टी होती, मी ड्रायक्लीन करतो. एवढ्या उग्र वासाचा कपडा दुकानातून बाहेर जायलाच नको होता, हे आधी मान्य करतो. मशीन बंद पद्धतीचं असेल तर धुणं आणि वाळवणं एकाच डब्यात होतं, वाफ थंड होऊन परत टाकीत येते. पर्क महाग आहे, ते हवेत सोडून मलाच तोटा. वास राहतो तो वाळवणं अर्ध्यात थांबवल्यामुळे. आणि ते का थांबवतात? कारण गिऱ्हाईक म्हणतं, "संध्याकाळी मुहूर्त आहे, आत्ताच द्या." लग्नसराईत मी रोज हे ऐकतो.

आता बंदीचं. आमच्यातली निम्मी दुकानं उद्या पेट्रोल वॉशवर, म्हणजे टर्पेंटाइनसारख्या खनिज तेलावर जातील. त्याची वाफ ४० अंशांच्या आसपास ठिणगीनं पेट घेऊ शकते. सांगलीचा एप्रिल-मे आठवा आणि गणपती पेठेतले बोळ आठवा. पर्क पेटत नाही, म्हणून तर दुनियेनं ते घेतलं. वरच्या बिऱ्हाडाला काय हवंय, वास की आग?

रेवा:
दादा, दोन्ही नको! पण तुमच्या प्रतिसादात काम करणारा पोरगा कुठेच नाही. मी आत डोकावले तेव्हा तो उघड्या हातानं फिल्टर खरवडत होता. मला तासाभरात त्रास झाला, तो दिवसभर तिथेच असतो.

कृष्णाकाठ_७४:
मी तो पोरगा होतो, चार वर्षं. दुकानाचं नाव लिहीत नाही. खरवडून जो गाळ निघतो तो काकवीसारखा काळा, चिकट. शनिवारी डबा भरला की मागच्या गटारीच्या कडेला ओतायचा, वर बादलीभर पाणी. कुणी सांगितलंच नव्हतं की हे विष आहे. संध्याकाळी गुंगी यायची, घरचे विचारायचे पिऊन आलास का.

२०१९ चा महापूर ओसरल्यावर दुकानात शिरलो तेव्हा दोन कॅन आडवे पडलेले, झाकणं उघडी, आत नुसता चिखल. त्यातलं पर्क कुठं गेलं, कुणी विचारलं नाही.

भूजल_मास्तर:
खाली गेलं. रॉकेल सांडलं तर पाण्यावर तरंगतं, पर्क पाण्याच्या सव्वा-दीडपट नाही, तब्बल १.६ पट जड. ते फटींतून खाली उतरत खडकाशी बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबानं १ लिटर पर्क ३२ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. तिथल्या कॅम्प लेज्यून लष्करी तळावर एका वसाहतीच्या विहिरी बाहेरच्या ड्रायक्लीन दुकानामुळेच नासल्या, १९८५ मध्ये बंद कराव्या लागल्या. तोवर कुटुंबंच्या कुटुंबं ते पाणी प्यायली होती. आपल्याकडे कितीतरी सोसायट्या बोअरवर आहेत. त्यामुळे मला वरच्या मजल्यापेक्षा मागच्या गटारीची धास्ती जास्त.

माहेर_साताऱ्याचं:
मुळात सगळंच ड्रायक्लीनला का द्यायचं? आमच्या आजी रेशमी लुगडी रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं काढून सावलीत वाळवायच्या.

तिसरी_पिढी:
साधं रेशीम चालेल. पण जरीचा शालू, अस्तर लावलेला कोट, कच्च्या रंगाचे काठ पाण्यात घाला आणि मग रडत आमच्याकडे या, असं होतं. सुती कुर्ते मात्र मी स्वतः परत पाठवतो, घरी धुवा म्हणून.

कृष्णाकाठचं वाचून दोनदा फोन खाली ठेवला. माझ्याकडे गाळ पत्र्याच्या बंद डब्यात साठवतो, गटारीत घालत नाही. पण हातमोजे फाटले की आठवडाभर तसंच चालतं, हे खरं आहे.

रेवा:
मग माझी मागणी अशी बदलते: नवीन मशीन राहत्या इमारतीत नको, हे कायम. जुन्यांनी गाळ धोकादायक कचरा म्हणून रीतसर द्यावा, त्याची पावती दुकानात लावावी. आणि आपण गिऱ्हाइकांनी चार दिवस आधी कपडे द्यावेत.

तिसरी_पिढी:
पावती लावायला तयार आहे. पण एका दुकानाचा दहा-पंधरा किलो गाळ न्यायला गाडी कोण पाठवणार? शहरातल्या सगळ्यांचा एकत्र उचलायची सोय महापालिकेनं करावी. अर्ज लिहिणार असाल तर पहिली सही माझी घ्या. नवीन मशीनच्या बंदीवर मात्र माझी सही मिळणार नाही.