मदत हवी आहे: धाकटीचा बोनमॅरो मॅच झालाय, तिच्याशी काय बोलू?

रात्रपाळी:
लवकर उत्तर हवंय म्हणून थेट लिहिते. मोठ्याचं ट्रान्सप्लांट ठरलंय, डोनर धाकटी. रिपोर्ट आल्यापासून जो येतो तो तिला म्हणतो, "आता दादाला तूच वाचवणार हं!" कालपासून ती कुणाशी बोलत नाहीये. बाहुलीचा फ्रॉक वर करून कमरेवर पेनाने दोन ठिपके काढून ठेवलेत. काय सांगू, किती सांगू? "धीर धरा, सगळं छान होईल" हे कृपया नको, ते भरपूर ऐकून झालंय.

निळीशाई:
धाकटी म्हणजे केवढी? चार वर्षांची आणि चौदा वर्षांची यांच्याशी एकच बोलणं होत नाही. आजार कोणता? मॅरो हाडातून काढणार की रक्तातून स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, घेणार? तारीख ठरली का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

मी_वाचक:
दोघांचा रक्तगट एकच आहे ना? नसेल तर जमत नाही. आधी ते बघा.

सुतारपक्षी:
वाचक, कृपया असं ठोकून देऊ नका. रक्तगट वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होतं. जुळावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा. त्याचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून, म्हणून सख्ख्या भावंडात पूर्ण मॅच निघण्याची शक्यता २५ टक्के. रक्तगट वेगळा असेल तर पेशंटचा गट पुढे हळूहळू डोनरचा होतो. माझ्या पुतण्याचा बी होता, आता ओ आहे.

मी_वाचक:
बरं बरं. मी आपलं विचारलं. पण मग आईवडीलच का देत नाहीत? एवढ्याशा जिवाला कशाला?

सुतारपक्षी:
आईवडील बहुधा अर्धेच जुळतात. तसंही करतात, पण पूर्ण जुळणारं भावंड असेल तर पहिली पसंती त्यालाच.

खडूफळा:
माझं स्पष्ट मत, काहीही सांगू नका. "छोटीशी टेस्ट आहे" म्हणा, भूल देणारच आहेत, तिला कळणारही नाही. मुलांना जितकं सांगाल तितकी घाबरतात. पंचवीस वर्षं वर्गावर आहे, अनुभवाचे बोल.

पायवाट:
खडूफळा, तुमचा अनुभव वर्गातला. मी स्वतः डोनर होते, आठव्या वर्षी. मलाही "टेस्ट" असंच सांगितलं होतं. जागी झाले तर कमरेला मागे दोन्हीकडे पट्ट्या आणि उठून बसता येईना. त्याचं एवढं नाही. पुढे भावाच्या अंगावर पुरळ आलं, जुलाब सुरू झाले. जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात. मोठी माणसं दाराआड कुजबुजत होती, "हिच्याच पेशींमुळे होतंय." माझं काहीतरी खराब आहे हे मी कितीतरी वर्षं मनात धरून बसले होते. रात्रपाळी, ते "तूच वाचवणार" आजच्या आज बंद करा. पाहुण्यांनाही बजावा. उद्या काही बिनसलं तर ते वाक्य तिच्याच अंगावर येतं.

खडूफळा:
तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं, पण म्हणून सगळ्यांनाच...

निळीशाई:
वाद नंतर घाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१० मध्येच म्हटलंय की डोनर मुलाच्या बाजूने बोलणारी, पेशंटच्या टीममध्ये नसलेली स्वतंत्र व्यक्ती हवी, आणि मुलाला त्याच्या वयाला समजेल असं सांगून त्याचाही होकार घ्यावा. तुमच्याकडे असं कोणी आहे का, विचारा.

गोलगोल:
जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त साठवलं असतं तर ही वेळच आली नसती. नवीन पालकांनी बोध घ्यावा.

सुतारपक्षी:
ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मुलाचं स्वतःचंच नाळेतलं रक्त सहसा वापरत नाहीत, बिघडलेल्या पेशी जन्मतःच त्यात असू शकतात. आणि हे कुणी विचारलंय?

रात्रपाळी:
ती सात, तो अकरा. एएलएल, म्हणजे ल्युकेमियाचाच एक प्रकार. उलटला होता, आता पुन्हा रेमिशन, म्हणजे तपासणीत आजार दिसत नाहीये. मॅरो हाडातूनच. तारीख पुढच्या आठवड्यात, तो परवा ॲडमिट होतोय. तिला सर्दी आहे, पण ती नेहमीचीच. प्रश्न सर्दीचा नाहीये, बोलायचं काय हा आहे.

निळीशाई:
सर्दी आत्ता सांगताय?! हे वाचताक्षणी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. त्याला ॲडमिट करून जे कंडिशनिंग देतात, म्हणजे जोरदार केमो किंवा रेडिएशन, त्यात त्याचा स्वतःचा मॅरो संपवतात. ते झाल्यावर डोनर तापाने आडवी झाली तर मागे फिरता येत नाही. शिवाय तिला भूल द्यायची आहे.

सुतारपक्षी:
+१. आणखी एक विचारा. साधारण पेशंटच्या वजनाच्या दर किलोला १० ते २० मिली मॅरो लागतो, पण डोनरच्या स्वतःच्या वजनाच्या किलोमागे २० मिलीच्या वर सहसा काढत नाहीत. भाऊ मोठा, बहीण लहान, तेव्हा किती काढणार आणि तिला रक्त द्यावं लागेल का, हे आधीच कळलेलं बरं.

मी_वाचक:
केस परत येतात का हो? भाचीचे कुरळे आले.

रात्रपाळी:
फोन झाला. सकाळी दोघांना बोलावलंय, तिला तपासून मगच त्याला ॲडमिट करायचं की पुढे ढकलायचं ते ठरवणार. बाहुली घेऊन तिच्याजवळ बसले. ठिपके बरोबर जागी आहेत का, एवढंच विचारलं तिने. मी म्हटलं, जवळपास. मग म्हणे, "माझ्यातला संपला तर?" मला उत्तर येईना.

पायवाट:
संपत नाही. काही आठवड्यांत शरीर पुन्हा भरून काढतं, सांगा तिला बिनधास्त. कमरेत दुखेल, थोडे दिवस बसता-उठताना, हेही सांगा. आणि हे नक्की सांगा की तिचं काम मॅरो देण्यापुरतं, पुढचं डॉक्टरांचं. त्याला बरं वाटलं नाही तरी तो तिचा दोष नाही. त्या दिवशी तिच्यापाशी तुम्ही की बाबा?

रात्रपाळी:
दोघंही मुलाकडेच असणार असं धरलं होतं. मावशी थांबेल हिच्याजवळ.

पायवाट:
मावशीला मुलाकडे बसवा. हिला डोळे उघडल्यावर तुमच्यापैकी एक समोर हवं.

खडूफळा:
हे मात्र पटलं.