'वेळ झाली' की 'वेळ झाला'? स्पोकन इंग्लिशवाल्या सरांना उत्तर

बाळीवेसकर (धागाकर्ता)
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका स्पोकन इंग्लिश क्लासवाल्या सरांची पोस्ट फिरत आली. मथळा 'सोलापूरकर लेट का?' म्हणणं असं की इंग्रजीत 'ऑन टाइम' (ठरल्या वेळी) वेगळं, 'इन टाइम' (उशीर व्हायच्या आत) वेगळं, वर 'इन द निक ऑफ टाइम' (अगदी शेवटच्या क्षणी) आहेच; आपल्याकडे सगळ्याला एकच 'वेळ'. म्हणून साहेब वेळेवर पोचतो आणि आपण 'आलोच' म्हणून अंघोळीला जातो. पोस्टखाली तेहतीस अंगठे. त्यातला एक आमच्या हिचा.

सर, एकच वेळ? 'वेळ झाली' म्हणजे निघायला हवं. 'वेळ झाला' म्हणजे उशीर झाला. ती वेळ म्हणजे घड्याळातला काटा, तो वेळ म्हणजे मधे गेलेला अवधी. एका वेलांटीत आपण हे सांगतो. साहेबाकडे दोन्हीला 'टाइम'च. आणि 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' हे जरा इंग्रजीत करून दाखवा, फी भरतो.

'निक' म्हणजे काय, तर काठीवरची खाच. आपली घटका त्याहून जुनी. माझ्या आत्याच्या लग्नात मी पाहिलंय: परातीत पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. वाटी भरून बुडाली की चोवीस मिनिटं झाली. भटजी सोडून सगळ्यांच्या नजरा त्या वाटीवर. 'घटका भरली' हे तिथून आलं.

साहेबाच्या काटेकोरपणाचंही ऐका. 'नून' हा शब्द लॅटिनमधल्या नवव्या तासावरून आला. सूर्योदयापासून मोजायचं, म्हणजे दुपारचे साधारण तीन. सरकत सरकत तो बारावर आला. अख्खा शब्द तीन तास हलला आणि वक्तशीर म्हणे!

टॉवेलवाला_एमआयडीसी
भाषण झकास. आता धंद्याचं ऐका.
टर्किश टॉवेल बाहेर पाठवतो. बायरला मेल लिहिली, २० तारखेपर्यंत माल पाठवतो. लिहिलं 'टिल ट्वेंटिएथ'. मला म्हणायचं होतं, २० च्या आधी सगळा माल निघेल. तो समजला, २० पर्यंत थोडा थोडा येत राहील. त्यानं जहाजातली जागाच तशी घेतली. शेवटी अर्धा माल विमानानं पाठवला, माझ्या पैशानं. 'बाय' आणि 'टिल' मधला फरक मी त्या बिलावर शिकलो. आपल्या 'पर्यंत'मध्ये दोन्ही कोंबलंय. सर चूक नाहीत.

जुळे_सोलापूर
'२० तारखेच्या आत' असं मराठीत म्हणतात की ओ. आहे शब्द. आपण वापरत नाही, कारण 'आत' म्हटलं की बांधून घेतल्यासारखं होतं. 'पर्यंत'मध्ये जरा ढिलाई राहते. टेलर 'दिवाळीपर्यंत देतो' म्हणतो, 'दिवाळीच्या आत देतो' म्हणताना मी तरी ऐकला नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी
हे बिलाच्या आधी सांगायला हवं होतं तुम्ही.

निवृत्त_गुरुजी
मूळ दुखणं वेगळं आहे. आजच्या पोरांना सव्वा, पावणे कळत नाही. गेल्या मे महिन्यात नातवाला फोनवर सांगितलं, पावणेपाचला एसटी स्टँडवर ये. मी बाकड्यावर, मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी. पठ्ठ्या आला सव्वापाचला. म्हणतो, 'आजोबा, पावणे म्हणजे पंधरा मिनिटं पुढे ना?' अर्धा तास उन्हात. हे इंग्रजी मिडियमचं पाप. आयांना हौस.

दोन_मुलांची_आई
आयांना हौस? गुरुजी, तुमचा नातू कुठल्या मिडियमला आहे ते आधी सांगा.
आणि तुमच्या पावणेचं कौतुक पुरे. माझ्या मुलानं विचारलं, साडेतीन आहे, साडेचार आहे, मग साडेएक आणि साडेदोन का नाही? दीड, अडीच कुठून टपकले? सासूबाईंना विचारलं, शेजारच्या शिक्षकांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर: 'तसंच असतं.' क्वार्टर पास्ट, हाफ पास्ट, क्वार्टर टू. एकदा शिकलं की बाराही तासांना लागू. मूल सोपं ते उचलणारच.

बाळीवेसकर
इंग्रजीचं हाफ सोपं वाटतं का तुम्हाला? माझा मेहुणा लीड्सला आहे. तिथं नुसतं 'हाफ टेन' म्हणतात, म्हणजे साडेदहा. त्याच्या कामावर एक जर्मन होता. जर्मनमध्ये 'अर्धा दहा' म्हणजे साडेनऊ! तो बिचारा पहिल्या दिवशी तासभर आधी येऊन कुलपाकडे बघत उभा. आपल्या 'साडे'त असा घोळ होणे नाही.

सात_रस्ता
घोळ आपल्यातही आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. अडीच आलं संस्कृत अर्धतृतीयवरून, म्हणजे 'तिसरा अर्धा'. दोन पूर्ण, तिसऱ्यातला अर्धा. जर्मनाचा हिशेब अगदी हाच. दीडही तसाच, द्व्यर्ध, दुसरा अर्धा. साडेला मात्र सार्ध, म्हणजे 'अर्ध्यासकट'. पावणे म्हणजे पाद ऊन, पाव कमी. ताईंच्या मुलाला सांगा, दोन जुन्या पद्धती एकाच घरात नांदतात, म्हणून साडेदोन नाही.

दोन_मुलांची_आई
धन्यवाद. हे पहिल्यांदाच कोणीतरी नीट सांगितलं. गुरुजींनी नाही, हे नोंदवून ठेवते. नातवाचं उत्तर अजून आलेलं नाही.

निवृत्त_गुरुजी
इंग्रजी मिडियमलाच आहे. सुनेचा निर्णय.

दोन_मुलांची_आई
वाटलंच होतं! मुलगा कुठं होता तेव्हा? सुट्टीवर? दरवेळी सुनेच्या माथी मारायचं. पाढे म्हणवून घेता, तसे रोज संध्याकाळी पाच मिनिटं घड्याळ वाचून घेतलं असतं, तर उन्हात बसावं लागलं नसतं.

निवृत्त_गुरुजी
छत्तीस वर्षं पोरं शिकवली आहेत मी. मला शिकवू नका.

भोंग्याचा_नातू
शांत व्हा ओ दोघंही. सरांचा मुद्दा होता की इंग्रजी शब्द नसल्यामुळे आपण लेट. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८७७ सालची गिरणी. आजोबांना सहीपुरतंसुद्धा अक्षर येत नव्हतं, अंगठा लावायचे. पहिल्या भोंग्याला उठायचे, दुसऱ्याला भाकरी फडक्यात, तिसऱ्याच्या आत फाटकात. घरात घड्याळ नव्हतं. आजीची चूलसुद्धा भोंग्यावर पेटायची. 'ऑन टाइम', 'इन टाइम' कुणी शिकवलं होतं त्यांना? फाटक बंद झालं की खाडा, एवढं एक वाक्य पुरायचं. गिरण्या गेल्या, भोंगा गेला, मग आपण लेट झालो. यात व्याकरण कुठं आलं?

टॉवेलवाला_एमआयडीसी
हे मात्र खरं. माझ्याकडे बायोमेट्रिक लावलं तरी तेवढा धाक नाही.

पूर्वभागकर
आमच्या घरी तेलुगू. तासाला आम्ही गंटा म्हणतो. गंटा म्हणजे घंटाच. शेजारच्या कन्नडवाल्यांचंही तेच, घंटे. मराठीतला तास म्हणजे सुद्धा ठोके द्यायची काशाची थाळी. इंग्रजी 'क्लॉक' लॅटिनच्या क्लोक्का या घंटेच्या शब्दावरून आलंय. म्हणजे साहेब, तुम्ही, आम्ही, सगळे कुणीतरी टोला दिल्याशिवाय हलत नव्हतो. भांडताय कशाला?

होटगी_रोड
मी लेटच येतो आणि मला त्याची लाज नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. सोलापूर साधारण शहात्तरावर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सव्वीस मिनिटं मागे. मी सूर्याप्रमाणे वेळेवर असतो. मुंबईनं नाही का, १९०६ ला प्रमाणवेळ आली तरी १९५५ पर्यंत स्वतःची 'बॉम्बे टाइम' चालवली? आम्ही जरा उशिरा जागे झालो एवढंच.

जुळे_सोलापूर
सव्वीस मिनिटं म्हणजे बाळीवेसकरांची एक घटका आणि वर दोन मिनिटं. मागच्या रविवारी तुम्ही दीड तास लेट होता. उरलेल्या तासाचा सूर्य कुठला?

टॉवेलवाला_एमआयडीसी
मूळ मुद्द्यावर या. बाळीवेसकर, 'परवा' हा शब्द मागचा का पुढचा? गिऱ्हाईक ओरडतं, 'परवा म्हणालात की!' मी म्हणतो, परवा म्हणालो म्हणजे परवासाठी म्हणालो. अर्धा तास यात जातो. यावर काही वेलांटी आहे का?

बाळीवेसकर
नाही. परवाचं मान्य. हिंदीवाल्यांच्या 'कल'ला हसायचा अधिकार आपल्याला त्यामुळे अर्धाच आहे. पण 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे हा की पुढचा, यावर मेहुणा आणि त्याची बायको दर आठवड्याला भांडतात, आणि बायको तिथलीच आहे. आणि सरांना 'डेडलाइन' फार आवडते ना? अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या तुरुंगांमध्ये एक रेघ असायची. कैद्यानं ओलांडली की गोळी. आपण तोच शब्द गृहपाठाला लावतो.

सात_रस्ता
सगळं ठीक. पण 'वेळ झाली' आणि 'वेळ झाला' यावर एवढी इमारत उभी केलीत, तर एक प्रामाणिक प्रश्न. तुमच्या घरात हे बोलतं कोण? माझ्या घरात दोन्हीला 'टाइम झाला'. शाळेचा टाइम झाला, यायला टाइम झाला, गोळीचा टाइम झाला. सरांना नावं ठेवताय, पण इंग्रजी शब्द आणून फरक घालवला आपणच. साहेबानं सांगितलं नव्हतं.

बाळीवेसकर
आमच्याकडे असं होत नाही, असं लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात हिनं आतून हाक मारली, 'अहो, जेवायचा टाइम झाला.' आणि मी इथून ओरडलो, 'आलोच.'